गाठ किती घट्ट बांधावी?

दिवाळी उलटून कार्तिकाचे गार वारे सुटले, की अकोल्याच्या आणि अमरावतीच्या रस्त्यांवर कापसाची वाहने दिसू लागतात; पूर्वी ती बैलबंड्यांची रांग असे, आता बहुधा ट्रॅक्टर आणि मेटॅडोर असतात, परंतु वाहनाच्या कडांवरून ओसंडणारा तो पांढरा भार पाहून परप्रांतीय पाहुण्याच्या मनात एकच शंका येते, की एवढे सारे मावणार तरी कोठे? वऱ्हाडातल्या माणसाला ही शंका येत नाही. जिनात सरकी निराळी होते, रुई प्रेसमध्ये दाबली जाते, आणि सुमारे पाच क्विंटल कापसातून निघालेली रुई 170 किलोंच्या एका गाठीत पट्ट्यांनी आवळली जाऊन निमूटपणे बसते. 1867 साली मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला आणि बडनेरा या वाटेने पुरा झाला, तेव्हापासून या मुलखाला हे पक्के ठाऊक आहे, की मोकळ्या रुईने डबा वजनाच्या आधी जागेने भरतो, आणि ज्याला दूरचा बाजार गाठावयाचा आहे त्याला गाठ घट्ट बांधल्यावाचून गत्यंतर नाही.

या व्यवसायात दोन क्रिया एकामागून एक होतात, म्हणून बाहेरच्या माणसाला त्या एकच वाटतात. वस्तुतः त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. जिन काहीतरी वेगळे काढतो. ती सरकी वाया जात नाही हे खरे, तिचे तेल निघते आणि ढेप गुरांच्या दावणीत जाते. पण एकदा निघालेली सरकी पुन्हा बोंडात घालता येत नाही. प्रेस मात्र काहीच काढीत नाही. पट्ट्या तोडल्या की रुई पुन्हा फुलते आणि तिच्यातला एकही तंतू कमी झालेला नसतो. निवड आणि संक्षेप यांतला हा भेद जिनाच्या फाटकावरचा हमालसुद्धा जाणतो. संगणकाच्या दप्तरात मात्र भलेभले लोक या ठिकाणी चुकतात, आणि आजचा विषय त्या दप्तराचाच आहे.

प्रत्येक संगणक, विशेषतः बँका, विद्यापीठे आणि कचेऱ्या यांच्या कामासाठी अहोरात्र चालू असणारा सर्व्हर, स्वतःचा एक रोजनामचा लिहीत असतो. अमुक वाजता अमुक माणूस आत आला, अमुक पत्त्यावरून कोणी चुकीचा संकेतशब्द टाकला, अमुक पान मागितले गेले आणि दिले गेले, अमुक काम मध्येच फसले, अशा ओळी तो कोणी न सांगता, कोणी न वाचता उतरवीत जातो. या रोजनामच्याला लॉग म्हणतात. 1980 च्या दशकात एरिक ऑलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने टपालाच्या एका आज्ञावलीसाठी नोंदी लिहिण्याची जी पद्धत बसविली, ती सिसलॉग या नावाने पुढे सर्वत्र रूढ झाली. तीत नोंदींच्या निकडीप्रमाणे शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सर्वनाशाची दवंडी, आणि सात म्हणजे केवळ कारागिराच्या उपयोगाची बारीकसारीक टिपणे. कोणत्या पायरीपर्यंतच्या नोंदी लिहावयाच्या हे ठरविणे म्हणजे जिन होय. तेथे जे गाळले ते गेले. लिहिलेल्या नोंदी थोड्या जागेत बसविणे म्हणजे प्रेस, आणि तेथे काहीही गमावावे लागत नाही.

आता असे समजा, की मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोला आणि अमरावती येथे शाखा असलेल्या एखाद्या पतसंस्थेचा सर्व्हर दररोज 200 मेगाबाइट नोंदी लिहितो. हा आकडा पहिल्या दिवशी क्षुल्लक वाटतो. परंतु 180 दिवसांत त्याचे 36 गिगाबाइट होतात, आणि ज्या डिस्कवर खातेदारांचा हिशेब राहतो तीच डिस्क या रोजनामच्याने भरू लागते. डिस्क पूर्ण भरली, की संगणक कुरकुरत का होईना चालत राहील अशी आशा व्यर्थ असते; ज्या कामाला लिहावयास जागा मिळत नाही ते काम उभ्या जागी थांबते, आणि ऐन वसुलीच्या दिवशी खिडकीपुढची रांग तशीच राहते. म्हणजे घरात काय घडले हे सांगण्यासाठी ठेवलेल्या कारकुनाने वह्यांची रास लावून घराचे दारच बंद करावे, असा हा प्रकार होतो.

सुदैवाने या नोंदी दाबण्यास अत्यंत सोप्या असतात, आणि त्याचे कारण समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या आजोबांचे एखादे पोस्टकार्ड पुरते. त्या कार्डाच्या माथ्यावर सा. न. वि. वि. अशी चार अक्षरे असत. साष्टांग नमस्कार विनंती विशेष हा मजकूर लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही, इतका पाठ होता की त्याची खूण तेवढी केली म्हणजे पूर्ण शब्दांचे काम होई. ती. रा. रा., चि. सौ., ता. क. हे सारे त्याच कुळातले. पुनरुक्ती जितकी अधिक तितका संक्षेप सोपा, हे तत्त्व त्यात होते. संगणकाचा रोजनामचा तर पुनरुक्तीची खाणच होय. लाखो ओळींत शब्द तेच, बदलतात ते वेळ, पत्ता आणि नाव. 1977 साली याकोब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल या दोन इस्रायली पंडितांनी असा उपाय मांडला, की जो मजकूर मागे येऊन गेला तो पुन्हा न लिहिता इतकी अक्षरे मागे जाऊन तेथून इतकी अक्षरे घ्या, एवढेच लिहावे. त्याला 1952 सालच्या हफमन यांच्या युक्तीची जोड मिळाली. तीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड खूण आणि क्वचित येणाऱ्याला लांब खूण देतात. या दोन कल्पनांवर उभारलेली जीझिप ही आज्ञावली झां-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी 1992 साली बाहेर काढली, आणि ती अद्याप जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर राबत आहे. साध्या मजकुराचा लॉग तिच्या हाताखालून गेला, की तो पुष्कळदा एक दशांशावर येतो; म्हणजे आपल्या पतसंस्थेचे 36 गिगाबाइट साडेतीन-पावणेचारांत बसावेत.

मग अडचण कोठे आहे? ती दाबण्यात नाही. दाबण्याविषयी कोणी काय ठरवावे, यात आहे. अशी आज्ञावली रचणारा कारागीर तिच्यासोबत एक जाबता देतो, त्याला कॉन्फिगरेशन म्हणतात. त्यात नोंदी दाबाव्यात की नाही, कोणत्या पद्धतीने, किती घट्ट, केव्हा आणि किती काळ ठेवाव्यात, अशी कलमे असतात, आणि ती बदलण्याची मुभा सर्व्हर सांभाळणाऱ्याला असते. मुभा वाढवीत नेणे हे औदार्य वाटते. परंतु प्रत्येक मुभा म्हणजे कारागिराने स्वतः न घेतलेला एक निर्णय असतो, आणि तो अखेरीस अशा माणसाच्या पदरात पडतो ज्याला अकरा वाजता बँक उघडावयाची असते आणि बाकीच्या दहा कामांतून हे कलम वाचण्यास पाच मिनिटे मिळालेली असतात. म्हणून जाबता रचणाऱ्याने प्रत्येक कलमापुढे स्वतःला विचारले पाहिजे, की या बाबतीत माझ्यापेक्षा अधिक ज्ञान या माणसाजवळ आहे काय? असेल तर मुभा द्यावी. नसेल तर निर्णय आपण घ्यावा आणि गप्प बसावे.

घट्टपणाचेच उदाहरण घेऊ. जीझिपला एकपासून नऊपर्यंत पायऱ्या आहेत, आणि काही न सांगितल्यास ती सहावी धरते. यान कोले यांनी फेसबुकसाठी रचलेली आणि 2016 साली पूर्णत्वास आलेली झेडस्टँडर्ड ही आज्ञावली एकोणिसापर्यंत, आणि खास हुकूम दिल्यास बाविसापर्यंत चढते. तिची स्वाभाविक पायरी मात्र तिसरी आहे. एक्सझेड नावाची आणखी एक पद्धत याहून घट्ट बांधते, पण तिच्या नवव्या पायरीला बांधताना 674 मेबीबाइट स्मृती लागते, आणि एका गिगाबाइटवर दिवस काढणाऱ्या लहानशा सर्व्हरवर कोणी हौसेने नऊ लिहिले तर रात्री दोन वाजता त्या यंत्राची दशा काय होईल, हे सांगावयास नको. मोठा आकडा म्हणजे चांगला, ही मनुष्याची उपजत समजूत आहे. परंतु शेवटच्या पायऱ्यांवर श्रम पुष्कळ वाढतात आणि जागा थोडीच वाचते. प्रेसवरचा माणूस शेतकऱ्याला दाब किती देऊ म्हणून विचारीत नाही, कारण पट्टी किती ताण सोसते हे त्याला ठाऊक असते, शेतकऱ्याला नसते. घट्टपणा हा कारागिराचा विषय आहे. तेथे उत्तम मुभा तीच, जिला हात लावण्याची वेळ येत नाही.

केव्हा बांधावे, हा प्रश्न किंचित नाजूक आहे. लिनक्स सर्व्हरांवर नोंदींच्या वह्या फिरविण्याचे काम बहुधा लॉगरोटेट ही आज्ञावली करते. ती जुनी वही बाजूस ठेवते, नवी उघडते आणि जुनी दाबते. परंतु लिहिणाऱ्या आज्ञावलीला वही बदलल्याची वार्ता लगेच पोहोचतेच असे नाही. ती काही काळ जुन्याच वहीत लिहीत राहते. कारकुनाची लेखणी पानावर टेकलेली असता वहीला रुमाल बांधू लागावे, असा तो प्रसंग. म्हणून डिलेकॉम्प्रेस हे कलम ठेवलेले आहे. ते सांगते, की कालची वही आज दाबू नकोस, पुढच्या पाळीला दाब. ही मुभा योग्य आहे, कारण आपली आज्ञावली वही केव्हा सोडते हे त्या सर्व्हरचा सांभाळणाराच जाणतो.

कलमांची नावे हा असाच दुर्लक्षित विषय. लॉगरोटेटमध्ये साइज, मिनसाइज आणि मॅक्ससाइज अशी तीन सख्खी भावंडे आहेत. पहिले म्हणते, की दिवस-आठवड्याचा हिशेब सोड, इतका आकार झाला की वही बदल. दुसरे म्हणते, की मुदतही भरली पाहिजे आणि आकारही भरला पाहिजे. तिसरे म्हणते, की मुदत भरली तर बदलच, पण त्याआधी आकार ओलांडला तरी बदल. तीन नावांत अंतर दोन-तीन अक्षरांचे, आणि परिणामांत महिन्यांचे. सिस्टिमडी या नव्या व्यवस्थेच्या जर्नल नामक रोजनामच्यात कॉम्प्रेस असे एक कलम आहे. त्यात होय किंवा नाही असेही लिहिता येते आणि किती बाइटांहून मोठी नोंद दाबावी तो आकडाही लिहिता येतो. मग कोणी 1 असे लिहिले तर त्याचा अर्थ होय, की एक बाइट? रचनाकारांना हा पेच जाणवला, आणि त्यांनी अशा वेळी अर्थ संदिग्ध आहे असा इशारा देऊन तो होय असा धरण्याची तजवीज केली. तजवीज चांगली आहे. परंतु एका कलमात दोन प्रश्न विचारले नसते, तर तिची गरजच पडली नसती.

पद्धती किती ठेवाव्यात, याविषयी तर 2024 साली साऱ्या जगाला धडा मिळाला. त्याच जर्नलला दाबण्याच्या अनेक पद्धती येत असल्यामुळे त्याच्या सामाईक ग्रंथालयास एक्सझेडचे ग्रंथालय जोडलेले होते. काही लिनक्स वितरणांनी दूरस्थ प्रवेशाच्या आज्ञावलीला सिस्टिमडीची जोड दिलेली असल्याने ते दाबण्याचे ग्रंथालय त्या प्रवेशद्वारापर्यंत जाऊन पोहोचले होते. एका टोपणनावाच्या इसमाने दोन-अडीच वर्षे एक्सझेडच्या रचनाकारांत विश्वास संपादन करून त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे दिसले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला, आणि 29 मार्च 2024 रोजी ती चोरवाट उघडकीस आणली. रोजनामच्याची गाठ बांधण्याच्या एका सोयीतून वाड्याच्या मुख्य दरवाजाची किल्ली कोणाच्या हाती जाऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. मुभा फुकट मिळत नाही. तिच्या मागे दरवाजा येतो, आणि दरवाजामागे पहारा ठेवावा लागतो.

याच्या उलट किती काळ ठेवावे, हा निर्णय कारागिराने कधीही स्वतःकडे घेऊ नये, आणि दुर्दैव असे की नेमक्या याच बाबतीत प्रचलित जाबते सर्वांत अस्पष्ट आहेत. वऱ्हाडाला दप्तराच्या मुदतीचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. 1853 च्या तहाने हा प्रांत निजामाकडून इंग्रजी कारभारात आला, 1903 साली मध्यप्रांताला जोडला गेला, 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. राज्यकर्ते बदलले, कचेरीची भाषा आणि मोहर बदलली, परंतु शेताची हद्द कोणती आणि हक्क कोणाचा याचा निवाडा करावयाची वेळ आली की कोर्टाला जुनाच रुमाल सोडावा लागला. महाराष्ट्रातील शासकीय कचेऱ्यांत आजही अभिलेखांची वर्गवारी होते: अ वर्ग कायमचा, ब वर्ग 30 वर्षांचा, क वर्ग 10 वर्षांचा, क-1 पाच वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षाचा. हे वर्ग कपाटाच्या आकारावरून ठरलेले नाहीत; कागदाची गरज कोणाला, कशासाठी आणि केव्हापर्यंत पडेल यावरून ठरलेले आहेत.

आता लॉगरोटेटकडे पाहा. तेथे वर्ग नाहीत, केवळ संख्या आहे. इतक्या जुन्या वह्या ठेव, त्यापुढची फेकून दे. अनेक लिनक्स वितरणांबरोबर येणाऱ्या मूळ जाबत्यात आठवड्याला एक वही आणि चार वह्या एवढेच लिहिलेले असते, म्हणजे जेमतेम महिनाभराची स्मृती. आणि दाबण्याची ओळ कित्येकदा टिपणाच्या खुणेआड निद्रिस्त असते. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार मात्र सेवा पुरविणारे, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपल्या संगणकव्यवस्थेचे लॉग मागील 180 दिवसांपर्यंत सुरक्षित जपावयाचे आहेत. याचा अर्थ असा, की ज्याने जाबत्याला हात लावला नाही तो या मुदतीच्या बराच अलीकडे थांबतो, आणि त्याला ते कळतही नाही.

याहून खोल धोका संख्येच्या स्वरूपातच आहे. समजा, वही आकारावर बदलते आणि सात वह्या ठेवावयाच्या आहेत. शांत दिवसांत त्या सात वह्यांत दोन महिने मावतात. परंतु एखाद्या रात्री कोणी दरोडेखोर लाखो खोट्या किल्ल्या लावून पाहू लागला, की नोंदी धो धो वाहतात, सात वह्या काही तासांत भरतात, आणि तो आत शिरला त्या क्षणाची नोंद त्याच्याच गोंगाटाखाली बाहेर फेकली जाते. साक्षीदाराला बोलके करून त्याची साक्ष बुडविण्याचा हा प्रकार होय. मॅक्सएज नावाचे कलम आहे, परंतु त्याचा अर्थ इतक्या दिवसांहून जुने काढून टाक असा आहे. इतके दिवस तरी राख असा नव्हे. जर्नलही आपली मर्यादा मुख्यतः जागेवर मोजते: डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि तेही चार गिगाबाइटांच्या आत. जागेचा प्रश्न त्याने विचारला, काळाचा विचारला नाही.

माझ्या मते चांगल्या जाबत्याचे पहिले कलम मुदतीचे असावे, दिवसांत लिहिलेले असावे, आणि ते रिकामे ठेवण्याची सोय नसावी. जागा अपुरी पडू लागली तर आज्ञावलीने गुपचूप जुने फेकण्याऐवजी आधी ओरडावे. घट्टपणा तिने स्वतः ठरवावा. पद्धत एकच, सर्वांना सोडता येईल अशी ठेवावी. आणि प्रत्येक गाठीवर खूण असावी. कापसाच्या गाठीवर प्रेसची विहित खूण आणि अनुक्रमांक घालण्याचे बंधन 1925 च्या कापूस जिनिंग आणि प्रेसिंग कारखाने कायद्याने आणले. त्यामुळे गाठ कितीही दूर गेली तरी ती कोणत्या प्रेसची हे सांगता येऊ लागले. लॉगरोटेटमध्ये डेटएक्स्ट हे कलम वहीच्या नावापुढे तारीख घालते. ते साधे आहे, फुकट आहे, आणि सहा महिन्यांपूर्वीचा एक दिवस शोधावा लागेल तेव्हा त्याचे मोल कळते.

शेवटी एक विनंती, आणि ती संगणकतज्ज्ञाला नव्हे, तर पतसंस्थेच्या अध्यक्षाला, महाविद्यालयाच्या प्राचार्याला, लहानशा रुग्णालयाच्या डॉक्टरला आहे. आपल्या सर्व्हरची देखरेख करणाऱ्याला कोणती पद्धत वापरतोस आणि कितवी पायरी लावतोस हे विचारू नका. ते त्याच्यावर सोडा. त्याला एवढेच सांगा, की पाच महिन्यांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारची नोंद माझ्यासमोर सोडून दाखव. गाठ निघाली, खूण जुळली आणि ओळी वाचता आल्या, तर जाबता बरोबर आहे. नाही निघाली, तर आज सायंकाळी कचेरी बंद होण्यापूर्वी मुदतीचे कलम आपल्या हाताने लिहून द्या.